नीर होत

बार्शी,
३ नोव्हेंबर २०२५

चि. सुकन्या,

आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरली असशील. मी धडधाकट आहे, फक्त मुकी झाले आहे. आयुष्यभर नर्सिंगच्या पोरींवर ओरडून घशात गाठ धरली होती, ती काढली. गाठ साधीच निघाली. पण डॉक्टरांनी आवाज बंद ठेवायला सांगितलंय, कुजबुजायचंसुद्धा नाही. आमचे हृषीकेशराव इतके खूश आहेत की आईच्या मौनाचे पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिलेत.

फोनवर टाइप करून पाहिलं. 'आशीर्वाद' लिहायला गेले तर 'आशा वाद' उमटलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या आशाताई 'माझा कसला वाद?' म्हणून दारात. तेव्हापासून फोन हृषीकेशकडे आणि पेन माझ्याकडे. जुन्या विद्यार्थिनींना पत्रं लिहायला घेतलीयत. पहिलं तुला, कारण वर्गात सगळ्यात जास्त बोलणी तूच खाल्लीस.

तू नोकरी बाजूला ठेवून सोलापूरला शिकायला गेलीस हे ऐकलं. काय शिकतेस, कुठपर्यंत आलं, नीट लिही. आमच्या वेळी जीएनएमचा कोर्स झाला, कौन्सिलात नाव लागलं की संपलं, पुढे फक्त बढती आणि पेन्शन. आता नर्सला स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करता येणार म्हणतात. मला हेवा वाटतो, हे लिहायला लाज कसली.

माझं रजिस्ट्रेशन मात्र मार्चात संपतंय. दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, तुला माहीतच आहे. हृषीकेश म्हणतो, "आता कशाला? कुणाला सुई टोचणार आहेस?" त्याचंही खरंच आहे म्हणा. राहू दे.

आणि वॉर्डात शिरलीस की आधी काय करायचं, आठवतंय ना? की तेही बार्शीत विसरून गेलीस?

तुझी,
पद्मजा मॅडम

*

सोलापूर,
८ नोव्हेंबर

आदरणीय मॅडम,

नमस्कार. तुम्ही गप्प आहात ही कल्पनाच मला करता येत नाही. पत्र वाचतानासुद्धा तुमचा आवाजच ऐकू येत होता आणि मी आपोआप ताठ बसले.

विसरेन कशी? "आधी हात चादरीला! बाई काय बोलते ते ऐका, पण चादर काय म्हणते तेही बघा." रक्त, पाणी, घाम, सगळं आधी चादरीला कळतं. तुम्हाला आम्ही मागे 'सोलापुरी चादर' म्हणायचो. आता सोलापुरातच राहते म्हणून सांगून टाकते. तसंही तुम्हाला ओरडता येणार नाही.

माझा कोर्स दीड वर्षाचा आहे, मिडवाइफ म्हणजे सुईणीचं काम करणारी नर्स प्रॅक्टिशनर. आईला हे समजावताना माझा घाम निघाला. आमचं गाव सांगोल्याकडचं, आईचा जन्म शेळ्यांमागे गेलेला. ती म्हणते, "नर्स झालीस न्हवं? मग परत नर्सच व्हायला कशाला चाललीस?" मी म्हटलं, आत्तापर्यंत मी डॉक्टरांच्या हाताखाली होते, आता सरळ बाळंतपण माझ्या हातचं आणि सही माझी. अडलं तर मात्र डॉक्टरला बोलवायचं. आई म्हणाली, "मग कवा अडलं ते वळकायचंच शिक्षण हाय की हे!" मॅडम, दीड वर्षात आम्हाला शिकवतात ते तिनं एका वाक्यात सांगितलं. पण लगेच पुढे, "आमच्या शेळीला कुणी सही मागत न्हाय," हेही म्हणाली.

आमच्या शिक्षिका सई मॅडम वयानं लहान, शिस्तीला तुमच्यासारख्याच. त्यांनी परवा सांगितलं, पुढच्या महिन्यापासून मला माझ्या एकटीच्या जबाबदारीवर बाळंतपणं देणार. आमच्या तुकडीतली मी पहिली. दोन दिवस जमिनीवर पाय नाहीत माझे.

इथे त्रास एकच, पाणी. नळाला चार-पाच दिवसांनी येतं. हॉस्टेलात, रिक्षात, वॉर्डात, जिथं जावं तिथं एकच बोलणं, पाणी आलं का, पाणी गेलं का. आत्ता सकाळचीच गंमत. वळसंगची महादेवी म्हणून एक बाई आहे, दुसरी खेप. कळा अजून किरकोळ, बाळाचं डोकंही वरच आहे, वेळ आहे तिला. ती बिचारी फक्त कन्नड बोलते. मी शेजारून जाताना मला म्हणाली, "अक्का, नीर होत." नीर म्हणजे पाणी एवढं मला येतं. मी म्हटलं, "होतं ना! आता चार दिवसांनी येईल हं!" तीही हसली, मीही हसले. बघा, कन्नडही जमायला लागलं मला.

वॉर्डातले मल्लप्पा मामा पोस्टात निघालेत, त्यांच्याच हाती हे देते. राउंडची वेळ झाली. हात चादरीला!

तुमची,
सुकन्या

*

बार्शी,
११ नोव्हेंबर, सकाळ

सुकन्या,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. हे पत्र हृषीकेश मिळेल त्या एसटीनं घेऊन येतोय.

नीर होत म्हणजे पाणी होतं नव्हे. माझं माहेर अक्कलकोटचं, अर्धं बालपण शेजारच्या कन्नड घरात गेलं. होत म्हणजे गेलं. नीर होत, पाणी गेलं. ती नळाचं बोलत नव्हती गं. तिची पाणमोट फुटली होती आणि ती तुला सांगत होती!

आणि तूच लिहितेस, डोकं वर आहे. डोकं वर आणि पाणी गेलं म्हटल्यावर नाळ खाली घसरायची भीती असते, हे मी तुला फळ्यावर चित्र काढून शिकवलंय. तिला उठू द्यायचं नसतं. तू हसून पुढे गेलीस.

तुला फोन लावला तर बंद. हॉस्पिटलात लावला. हृषीकेशनं महादेवीची चौकशी केली तर पलीकडचा म्हणतो, "तीन महादेवी हायत, कुटली पायजे?" आणि ठेवून दिला. मी बाजूला उभी राहून हातवारे करत होते. आयुष्यात पहिल्यांदा ओरडायची खरी गरज होती, आणि घसा बंद.

तीन दिवस झाले आहेत, आता घाईनं काय होणार, हे मलाही कळतंय. पण ती बाई आणि तिचं बाळ कसं आहे ते कळल्याशिवाय मला पाणी गोड लागणार नाही. जे असेल ते खरं लिही. हृषीकेश उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही.

पद्मजा

*

सोलापूर,
११ नोव्हेंबर, संध्याकाळ

मॅडम,

दोघी सुखरूप आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे तुम्ही बसून पुढचं वाचाल. महादेवीला मुलगी झाली. चांगली आहे, दूध पितेय, रडते तेव्हा सगळा वॉर्ड उठतो.

माझा फोन पाण्याच्या दिवशी भरायला लावलेल्या बादलीत पडला. दुसरा घ्यायचाय.

आता त्या सकाळचं. मल्लप्पा मामांना पत्र दिलं आणि राउंडला गेले. महादेवी संडासला जाऊन येऊन नुकतीच पडली होती. चौकशी केली, मान हलवून हसली. पुढे जाणार होते, पण सवयीनं हात चादरीवर गेला. चादर ओली होती. बाळाचे ठोके ऐकले, ते पडत चालले होते. तपासलं तर बोटांना नाळ लागली. मॅडम, त्या क्षणी माझं डोकं रिकामं झालं, पण हात चालत राहिले. हात आत तसाच ठेवून बाळाचं डोकं वर उचलून धरलं, नाळेवर दाब येऊ नये म्हणून. ओरडले. तिची कंबर उंच केली, ट्रॉली आली, मीही ट्रॉलीवरच गुडघे टेकून बसले. तशीच ऑपरेशन थिएटरात गेले. डॉक्टरांनी सिझर करून बाळ वर काढलं तोवर माझा हात तिथंच होता. नंतर तो हात सरळच होईना. बाळ रडलं तेव्हा मीही रडले.

डॉक्टर म्हणाले, नाळ नुकतीच उतरली होती, वेळेत सापडली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. महादेवीचा नवरा बसू, त्यानं माझ्या पायाला हात लावायचा तेवढा ठेवला. सई मॅडमनी सगळ्या तुकडीसमोर माझं उदाहरण दिलं. तीन दिवस मी मिरवतेय.

आणि आज हृषीकेशदादा तुमचं पत्र घेऊन आले.

म्हणजे तिनं मला सांगितलं होतं. आधीच. तेव्हाच तिला आडवं ठेवलं असतं, ठोके बघत राहिले असते, तर कदाचित ही वेळच आली नसती. मी मात्र तिच्याशी नळाच्या गप्पा मारल्या. आणि त्याच गोष्टीसाठी टाळ्या घेतल्या.

हे इथे कुणालाच ठाऊक नाही. सई मॅडमना सांगितलं तर पुढच्या महिन्याचं एकटीचं काम जाणार, कदाचित कोर्सही. नाही सांगितलं तर ते काम मला मिळेल, पण ते मी कुठल्या तोंडानं करू? खरं सांगू का, मला सगळं सोडून जुन्या नोकरीवर परत जावंसं वाटतंय. तिथं निर्णय डॉक्टरांचा असायचा, मी सांगितलं तेवढं करायचे. आईचंच बरोबर होतं, परत नर्स व्हायला आलेच कशाला?

दादा खाली चहा पीत थांबलेत. त्यांना माझा चेहरा दाखवायचा नाही म्हणून हे पत्र मल्लप्पा मामांच्या हाती खाली पाठवते.

सुकन्या

*

बार्शी,
१२ नोव्हेंबर

चि. सुकन्या,

हृषीकेश काल रात्री आला, दारातूनच अंगठा वर करून दाखवला. मी देवापाशी साखर ठेवली आणि मग तिथंच बसून रडले. मुकेपणानं रडायला जास्त त्रास होतो, हे नवीनच कळलं. बाळ आणि बाळंतीण सुखरूप, यापुढे बाकी सगळं निस्तरता येतं. तीन दिवसांच्या शिळ्या पत्रावर माझा जीव टांगणीला लागला होता, तो खाली आला.

आता तुझं. चूक झाली. मोठी झाली. ती मी लहान करून सांगणार नाही, तुला ते आवडणारही नाही. पण ती कशी झाली ते नीट बघ. तिनं काही अगदीच वेगळं म्हटलं असतं तर तू कुणा कन्नड येणाऱ्याला बोलावून अर्थ विचारला असतास. न कळलेला शब्द माणूस विचारतो. कळल्यासारखा वाटलेला शब्दच घात करतो. नीर ओळखीचं, होत ओळखीचं, मग विचारायचं काय? तुझ्या जागी बार्शीची, पंढरपूरची, कुठलीही पोर असती तरी हसून पुढे गेली असती.

आणि ती हसून पुढे गेलेली पोर परत आली तेव्हा तिचा हात चादरीला लागला, हेही तितकंच खरं. दोन्ही तूच आहेस. एकीला घेऊन दुसरीला टाकता येत नाही.

सईला सांग. सांगितल्यावर काय होईल ते मला माहीत नाही. कदाचित काम जाईल. पण तुला सही करायची आहे ना? स्वतःच्या जबाबदारीवर? मग जबाबदारीची पहिली सही हीच. ती करायची नसेल तर खुशाल जुन्या नोकरीवर जा, मी अडवणार नाही, फक्त पुन्हा मला पत्र पाठवू नकोस.

शेवटचं वाक्य रागात लिहिलंय. खोडत नाही, पण पत्र पाठव.

तुझी,
पद्मजा मॅडम

ता. क. कन्नडमध्ये ब्यानी म्हणजे कळा. कूस म्हणजे बाळ. आपली कूस वेगळी, गोंधळू नकोस. यावाग म्हणजे कधी. एळब्याडरी, उठू नका. मलकोरी, झोपा. आज एवढी पाठ कर.

*

सोलापूर,
२३ नोव्हेंबर

आदरणीय मॅडम,

सांगितलं.

तुमचं पत्र आल्यावर तीन दिवस मी नुसतीच हिंडले. मग आधी महादेवीकडे गेले, कारण सांगायचं तर तिला आधी. मल्लप्पा मामांना मध्ये घेतलं. ते वळसंगजवळचेच, दोन्ही भाषा बोलणारे. मी हात जोडून सगळं सांगितलं. मामांनी ते कन्नडमध्ये सांगितलं आणि महादेवी पोट धरून हसायला लागली. टाके दुखतात म्हणून "अय्यो" करायची आणि परत हसायची. मामा म्हणाले, "ती म्हनती, मी म्हनलं होत, अक्का बी म्हनली होतं ना. मला वाटलं अक्काला कळलंय, गेलं तर गेलं, काय भ्यायचं न्हाय. म्हून मी निवांत उटून गेले की!"

म्हणजे तिला वाटलं मी तिच्याच भाषेत 'गेलं ना' म्हणतेय. मी घाबरले नाही हे बघून ती घाबरली नाही. मला हसावं की रडावं कळेना. तिची सासू मात्र हसली नाही. ती मोडक्या मराठीत म्हणाली, "चूक सांगाया दवाखान्यात कोन येतंय व्हय? तू आलीस. बस हितं." आणि मला बाळ मांडीवर दिलं.

तिथून सरळ सई मॅडमकडे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तू बोलली नसतीस तर हे कुणाला कळलं असतं?" मी म्हटलं, "महादेवीला ठाऊकच होतं की, मॅडम." त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग बैठक झाली, मोठे डॉक्टर आले, मला पुन्हा सगळं सांगावं लागलं.

निर्णय झाला तो असा. कोर्स चालू राहील, परीक्षाही देता येईल. पण एकटीचं काम पुढे ढकललं. दोन महिने माझ्या प्रत्येक बाळंतपणाला सई मॅडम मागे उभ्या राहणार. आमच्या तुकडीतली पहिली आता दुसरीच मुलगी होणार. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या खोलीतून बाहेर आले आणि हॉस्टेलवर जाऊन इतकी गाढ झोपले की पाण्याची वेळ चुकली. मैत्रिणींनी माझी बादली भरून ठेवली होती.

आणि एक. सई मॅडमनी तुमचा ता. क. वाचला. आता तो आमच्या सगळ्या तुकडीला पाठ आहे. आणखी शब्द पाठवा म्हणाल्या. त्यांची तुम्हाला विनंती आहे, पण मी त्यांना म्हटलं, मॅडम विनंती ऐकत नाहीत, कामाचं सांगा.

बारशाला बसूला 'आराध्या' ठेवायचं होतं. आजीनं ऐकलं नाही. पाण्यावरनं एवढा घोळ झाला तर नाव गंगव्वा. कागदावर आराध्या, घरात गंगव्वा.

तुमचा घसा कसा आहे?

तुमची,
सुकन्या

*

बार्शी,
१२ जानेवारी २०२६

चि. सुकन्या,

तुझी सगळी पत्रं मिळाली, परीक्षेच्या अभ्यासाचंही. सईला आणखी शब्द वेगळे पाठवलेत. तिचं उलट पत्र आलं, शुद्धलेखन चांगलं आहे.

घशाचं म्हणशील तर डॉक्टर बोला म्हणतात, पण आवाज माझा राहिलेला नाही. दुसऱ्याच कुणा बाईचा वाटतो, बारीक आणि फाटका. इतक्यात कुणाला ऐकवावा असं मनात नाही. तेव्हा आपली पत्रंच बरी.

हृषीकेशला सांगून रजिस्ट्रेशन नव्यानं करायला घातलंय. "कुणाला सुई टोचणार?" म्हणाला. मी पाटीवर लिहून दाखवलं, 'तुला'.

एकटीचं काम पुढच्या सोमवारपासून ना? पोटभर जेवून जा.

तुझी,
पद्मजा मॅडम

*

सोलापूर,
२० जानेवारी

आदरणीय मॅडम,

काल माझा पहिला एकटीचा दिवस होता. सई मॅडम मागे नव्हत्या. मागे वळून बघायची सवय जाता जात नव्हती.

सकाळी वॉर्डातला फोन वाजला. उचलला. पलीकडे कुणी तरी बाई, आवाज बारीक, चिरका, घाबरल्यासारखा. म्हणाली, "अक्का... नीर होत."

माझ्या हातातला चहाचा कप खाली पडला. मी विचारलं, "यावाग? यावाग होत?" मी ओरडले, "एळब्याडरी! मलकोरी! कूस हलतंय का? तुमचं गाव कुठलं? घरात कोण आहे?" एका हातानं मल्लप्पा मामांना खुणावलं, ते गाडी बोलवायला पळाले. ट्रॉली तयार ठेवायला सांगितली. अर्धी मराठी, अर्धी कन्नड, जे तोंडाला येईल ते बोलत होते. फक्त 'होतं ना' एवढं म्हटलं नाही.

माझं बोलून संपलं आणि पलीकडून तोच फाटका आवाज आला, पण आता अजिबात न घाबरलेला. म्हणाला, "पास."

आणि फोन ठेवून दिलात.

मॅडम, मामा गाडी घेऊन दारात उभे, ट्रॉली तयार, आणि मी रिसीव्हर छातीशी धरून रडतेय आणि हसतेय. सगळे विचारत होते काय झालं म्हणून. मी म्हटलं, आवाज आला.

दुपारी एकीला मुलगा झाला. सरळ, सुखरूप. सही मी केली. चादर आधी बघितली होती.

तुमची,
सुकन्या